विदेशी बाटल्यांची नावं आणि आमच्या ह्यांची कवळी

बिअरच्या वासानं मला मळमळतं. लग्न झाल्यापासून ह्यांचा कामाचा शर्ट मी दारातच उतरवून घेते आणि नाक दाबून बादलीत टाकते. तरीही मला कुणी गाढ झोपेतून उठवून विचारलं, की बाई, त्या बेल्जियमच्या पांढुरक्या बिअरचं नाव काय, तर मी सांगेन, हूगार्डन. लिहिलेलं असतं होएगार्डन का कायसं, पण म्हणायचं हूगार्डन. स्टेला आर्टॉइस म्हणायचं नाही, स्टेला आर्त्वा म्हणायचं. लेफ लिहिताना शेवटी एक अक्षर जास्तीचं लावतात, ते गिळून टाकायचं. आणि जिचं नाव वाचता वाचता दुपार कलते ती जर्मन बाटली म्हणजे वायेनश्टेफानर. पँटला टीप मारता मारता म्हणून दाखवते. पण काय उपयोग? मी बिअर पिणार आहे, का विकणार आहे? मी बाई कपडे दुरुस्त करते. चेन बदलायची, पँट आखूड करायची, कुणाचं पोट सुटलं की कमरेत सैल करून द्यायची. ही नावं माझ्या डोक्यात शिरली ती आमच्या ह्यांच्यापायी, आणि आता निघता निघत नाहीत. त्याचाच राग येतो मला.

हे वेटर आहेत. तरुणपणी ज्या बारमध्ये लागले तिथेच डोक्याचे केस पिकले. सगळे ह्यांना मामा म्हणतात. गिऱ्हाईकं म्हणतात, काउंटरवाला म्हणतो, आणि जे वयानं ह्यांच्याहून मोठे आहेत तेही बिनदिक्कत म्हणतात. बोलणं असं गोड की ऐकत राहावं. टेबलाशी वाकून हळूच विचारणार, "साहेब, घरी सगळं ठीक ना?" तोंड पाडून आलेला माणूस जाताना हसत जाणार. दोघं हातघाईवर आले, की हे मध्ये ट्रे धरून उभे राहणार आणि असं काहीतरी बोलणार, की आपण कशावरून भांडत होतो ते त्या दोघांनाही आठवू नये. हे सगळं मला काउंटरवाल्यानं सांगितलेलं. कारण मी त्या दारातून कधी आत पाऊल टाकलं नव्हतं, आणि घरी आले की ह्यांच्या तोंडाला कुलूप. विचारलं तर म्हणायचे, "सगळं तिथंच बोलून संपतं गं." बायकोसाठी चार शब्द शिल्लक ठेवावेत, तर नाही.

बाटल्या उघडण्यात जन्म गेला, पण बिअर ह्यांना कडू लागते. ह्यांचं व्यसन म्हणजे चहा, आणि त्यात साखर अशी, की चमचा उभा राहावा. मी सांगून सांगून दातांच्या कण्या केल्या. ऐकतील तर शपथ. पुढचा एक दात पडला, मग शेजारचा हलायला लागला, मग एक काळा पडला. दारूच्या दुकानात राहून दारूनं काही बिघडवलं नाही, घात केला तो साखरेनं.

तरी चाललं होतं. बारच्या मंद दिव्यात कोण कुणाचे दात मोजतो? पण बार विकला गेला. नव्या मालकांनी भिंती रंगवल्या, दिवे वाढवले, उंच उंच स्टुलं आणली आणि एका अख्ख्या भिंतीवर विदेशी बाटल्यांची रांग मांडली. सोबत एक तरुण मॅनेजर पाठवला. मुलगा वाईट नव्हता, हेच तर दुखणं. वाईट असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

तर ह्या मॅनेजरच्या कानावर आलं, की वेटर लोकांनी बाटल्यांना आपापली नावं ठेवली आहेत. जिच्या लेबलावर झगेवाला साधू आहे ती 'बाबाजी'. बुटकी आहे ती 'ठेंगू'. आणि ती लांब नावाची जर्मन, ती 'मालगाडी'. ही नावं कुणी पाडली हे वेगळं सांगायला नको. गिऱ्हाईकंही खुशाल म्हणायला लागली होती, "मामा, एक बाबाजी आणा, थंडगार." मॅनेजरनं कपाळाला हात लावला. सगळ्यांना ओळीत उभं करून सांगितलं, की एवढी महागाची बाटली मागवणाऱ्याला तिचं नाव वेटरच्या तोंडून नीट ऐकू आलं पाहिजे. हॉलमध्ये ज्याला फिरायचं आहे त्याच्या जिभेवर नाव हवं आणि चेहऱ्यावर हसू हवं. ज्याला जमणार नाही त्यानं मागं स्टोअरमध्ये क्रेट उचलायचे.

मग ह्यांना बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, "मामा, तुम्ही हसता ना, तेव्हा..." आणि पुढचं बोलला नाही. त्यापेक्षा बोलला असता तर परवडलं असतं. हे घरी आले आणि आरशासमोर दिवा लावून बसले. मी म्हटलं, "काय झालं?"

"काही नाही. दाढी बघतोय."

दाढी सकाळीच केलेली होती.

दाताच्या डॉक्टरनं तोंडात बॅटरी घालून पाहिलं आणि म्हणाला, वरचे एकही ठेवण्यासारखे नाहीत. खालचे चालतील. वरचे सगळे काढू, हिरड्या भरून येऊ देत, मग कवळी बसवू. काढले. हे घरी आले ते तोंडावर रुमाल धरून, आणि तो रुमाल वर गेला तो खाली यायचं नाव घेईना. सूज उतरली, दुखणं थांबलं, रुमाल आपला तिथेच. बोलायचं झालं तर तोंडावर हात आडवा. चहा प्यायचा तर भिंतीकडे तोंड. जेवायला बसायचे ते खुर्ची फिरवून, माझ्याकडे पाठ करून. झोपताना कूस पलीकडे. मी म्हणायची, "अहो, दाखवा तरी. जखम भरली का बघू."

"भरली," पाठ म्हणायची.

आता तुम्हीच सांगा, राग येईल की नाही? ह्या माणसाच्या तापात मी ओकाऱ्या निस्तरल्या. ह्यांच्या पाठीवर गळू झालं होतं, ते मी ह्या हातांनी पिळलं. आणि तोंडाचं बोळकं झालं ते मला दाखवायची लाज? मला असा संताप यायचा, की हातातली कात्री जमिनीवर आपटावी. कात्रीची धार जाईल म्हणून आपटत नव्हते, एवढंच.

हिरड्या भरेपर्यंत मॅनेजरनं ह्यांना स्टोअरमध्ये पाठवलं. 'तात्पुरतं' म्हणाला. तात्पुरतं ह्या शब्दाची मला भीती वाटते. आमच्या न्हाणीघराच्या दाराला कडी नाही, तिथं तात्पुरती दोरी बांधली आहे. आमची लेक शाळेत जात होती तेव्हा बांधली होती, आता ती नोकरीला लागून परगावी राहते. स्टोअरला खिडकी नाही. वर एक बल्ब, खाली ओल, आणि भिंतीला लावलेले क्रेटवर क्रेट. भरलेले आत आणायचे, रिकामे बाहेर न्यायचे. ज्या कमरेनं आयुष्यभर टेबलाशी अदबीनं वाकायचं तेवढं केलं, तिला आता ओझी उचलायला लावली. हे घरी यायचे ते भिंत धरून. पण तक्रार केली ती कमरेची नाही.

एकदा मी पाठीला मलम चोळत होते. तोंड उशीत होतं म्हणून असेल, आपणहून बोलले. "भिंतीपलीकडून हॉलमधला आवाज येतो. रोज कुणी ना कुणी विचारतं, मामा कुठं गेले? मला ऐकू येतं. आणि बाहेर जाता येत नाही."

मी चोळत राहिले. एवढा बोलका माणूस बाटल्यांच्या खोलीत कोंडून घातला होता. कवळी बसली, की मॅनेजर नावांची परीक्षा घेणार होता. जमलं तर पुन्हा हॉल, नाही जमलं तर ते तात्पुरतं स्टोअर कायमचं. मी मनात म्हटलं, मग नावं येणारच. कशी येत नाहीत बघते.

पण ह्यांना इंग्रजी वाचायचं तर अक्षर अक्षर लावावं लागतं, आणि ह्या नावांत अक्षरं लावून काही हाती लागत नाही. लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच. मी लेकीला फोन केला. तिनं कुठून कुठून शोधून एकेका नावाचे उच्चार माझ्या मोबाइलवर पाठवले. कुणीतरी परदेशी बाई एकेक नाव सावकाश म्हणते, थांबते, पुन्हा म्हणते. एवढी शहाणी बाई, पण माझ्या घरात तिच्यामुळे रोज भांडण.

कारण हे अभ्यास करायचे न्हाणीघरात. दार लोटून. माझ्यासमोर तोंड उघडायचं नाही म्हणून! मी बाहेर मशीनचं स्टूल ओढून बसायची, दाराच्या फटीशी मोबाइल धरायची, मांडीवर कुणाची तरी पँट, ओठांत टाचण्या. आतून बादलीच्या शेजारून ह्यांचा आवाज यायचा.

"चिमय."

"शिमे!" मी टाचण्यांमधून म्हणायची. "ऐकू येत नाही का? शि-मे!"

"तेच म्हटलं ना."

"तेच नाही म्हटलं. पुन्हा म्हणा."

सुरुवातीला जीभ कुठं टेकवायची तेच ह्यांना कळेना. जिथं दात असायचे तिथं आता नुसती हिरडी. 'श' म्हणायला गेलं की हवा सुटायची, 'फ' म्हणायला गेलं की ओठ आत जायचा. पण माणूस चिवट. जीभ थोडी मागं घेऊन बघ, ओठ आवळून बघ, असं करत करत एकेक अक्षराची जागा नव्यानं शोधून काढली. सकाळी काम नसायचं तेव्हा तासन्‌तास हेच. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात मला गाठून विचारलं, "तुमच्याकडे कुणी परदेशी पाहुणे उतरलेत का हो? न्हाणीघरातून आवाज येतो." मी म्हटलं, "हो, उतरलेत. आणि जायचं नाव घेत नाहीत."

आणि एक दिवस आतून सगळी नावं आली. ओळीनं, न अडखळता. हूगार्डन, लेफ, शिमे, स्टेला आर्त्वा, फ्रान्झिस्कानर, ती बुटकी डूवल, आणि शेवटी मालगाडी सुद्धा डबे न घसरता स्टेशनात शिरली, वायेनश्टेफानर. मी मोबाइलवरच्या बाईचा आवाज लावला, मग ह्यांचा ऐकला, पुन्हा बाईचा लावला. फरक सांगा! मला इतका आनंद झाला, की मी टाचण्या काढून टाळ्या वाजवल्या. म्हटलं, "अहो, बाहेर या! या बघू बाहेर!"

"थांब," आतून आवाज आला. "रुमाल घेतो."

सगळा आनंद तिथंच विरला. मी उठून मशीनवर बसले आणि अशी चालवली, की दोरा दोनदा तुटला.

मग कवळी आली.

दिसायला काय सुरेख! पांढरी, सारखी. डॉक्टरनं बसवून दिली, आरसा दाखवला. हे रुमालाशिवाय घरी आले, दारातच हसले, आणि मला क्षणभर वाटलं, की सुटलो बाई. मी म्हटलं, "छान दिसता. आता म्हणा बघू, स्टेला आर्त्वा."

हे म्हणाले. म्हणजे काय म्हणाले देव जाणे. आधी कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला, मग टक् झालं, मग कवळी वरून सुटली आणि ह्यांनी ती जिभेनं सावरली.

"पुन्हा," मी म्हटलं.

पुन्हा शिट्टी, पुन्हा टक्. फ्रान्झिस्कानरला तर कवळी अर्धी बाहेरच आली. जीभ आपली शिकल्याप्रमाणे हिरडी शोधायला जायची आणि मध्ये त्या पांढऱ्या भिंतीवर आपटायची. इतके दिवस घासून घासून जी जागा शोधली होती ती जागाच बुजवून टाकली होती. आम्ही दोघांनी एवढी मेहनत केली ती बिनदातांच्या तोंडावर, आणि परीक्षा होती दातांच्या तोंडाची! हे तेव्हा सुचलं का कुणाला? ना ह्यांना, ना मला, ना त्या शहाण्या लेकीला. नावं पाठ झाली म्हणून नाचत होतो दोघं.

मी ह्यांना घेऊन डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, "सवय होईल. रोज पेपर मोठ्यानं वाचा. महिना-दोन महिन्यांत जीभ रुळेल."

"अहो डॉक्टर, परीक्षा शनिवारी आहे."

"कसली परीक्षा?"

"बिअरच्या नावांची," मी म्हटलं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. वाटलं असेल, की बाईचंही काही तपासायला हवं.

त्या दिवशी घरी येऊन आमचं जे भांडण झालं ते वरच्या बाईंना न्हाणीघराची गरज न लागता ऐकू गेलं असेल. मी म्हटलं, मॅनेजरला सांगा, महिन्याची मुदत द्या म्हणावं. हे म्हणाले, "नाही मागणार. आधीच माझ्यासाठी थांबलाय तो. त्याच्याही वर कुणी आहे." मी म्हटलं, "मग काय, जन्मभर क्रेट उचलणार?" तर हे बूट काढायला लागले. मी म्हटलं, "लोकांचं असतं, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. तुमचं त्याहून वाईट. दात लावले की नावं पडतात, नावं धरली की दात काढावे लागतात!"

हे उठले, न्हाणीघरात गेले आणि दोरी बांधली. आतून शिट्टी ऐकू यायला लागली. टक्. शिट्टी. टक्. आणि मग मध्येच एकदम ते शांत झालं आणि स्वच्छ आवाज आला, "स्टेला आर्त्वा." मला कळलं, की कवळी काढून म्हणून बघितलं. आवाज तसाच होता अजून, बिनचूक. पण काय करायचा? तो न्हाणीघरातलाच.

शनिवारी दुपारी हे तयार झाले. हॉलचा जुना काळा कोट मी कमरेत आत घेऊन ठेवला होता, कारण स्टोअरच्या कामानं माणूस वाळला होता. कोट चढवला, बूट पुसले, आणि तोंडावर रुमाल धरून निघाले. मी म्हटलं, "रुमाल कशाला? दात आहेत ना आता?" मान हलवली आणि गेले.

मी भांडी आवरायला घेतली. ओट्यावर झाकणाची डबी होती, त्यात पाण्यात कवळी ठेवायचे ते. उचलली तर जड लागली. उघडली. दात आतच!

अगं बाई गं! मी नुसती किंचाळले. ह्या माणसाला काय म्हणावं? परीक्षेला निघालेलं पोर पाटी घरी विसरतं तशी गत. मी डबीचं झाकण दाबलं, पायात सापडेल ती चप्पल सरकवली, गळ्यातली मापाची फीत काढायचंही भान राहिलं नाही, आणि पळत सुटले. रस्त्यानं लोक बघत होते. मी वाटेभर ह्यांना शिव्या देत होते, मोठ्यानं. डबीतलं पाणी हातावर सांडत होतं आणि आत दात खडखडत होते.

बारच्या दारापाशी आले आणि पाय अडले. कधी आत गेले नव्हते ना. पण मग म्हटलं, खड्ड्यात गेलं, आणि दार ढकललं.

बार उघडायला अजून वेळ होता. सगळे दिवे लावलेले. टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या. एका बाजूला बाकीचे वेटर उभे, काउंटरच्या मागं काउंटरवाला, पुढं स्टुलावर मॅनेजर आणि त्याच्या शेजारी कोट घातलेला एक माणूस, नव्या मालकांपैकी असावा. आणि मधोमध आमचे हे, दाराकडे अर्धी पाठ करून. तोंडावर रुमाल.

मॅनेजर म्हणत होता, "मामा, रुमाल काढा ना. आणि दात बसवलेत ना तुम्ही? कुठं आहेत?"

"घरी," हे म्हणाले. "मुद्दाम ठेवलेत. आज परीक्षा नावांची आहे ना, साहेब? नावं मला अशीच येतात."

मुद्दाम! आणि मी मूर्ख बाई गावभर धावत आले होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांनी रुमाल काढला. घडी केली. खिशात ठेवला. मान वर केली आणि भिंतीवरच्या बाटल्यांकडे हात करून सुरुवात केली.

"हूगार्डन. लेफ. शिमे."

एकेक नाव स्वच्छ, गोल, टेबलाशी वाकून सांगावं तसं. एक वेटर फिसकन हसला. काउंटरवाल्यानं त्याच्याकडे असं बघितलं, की तो भिंतीला चिकटला. कोटवाला माणूस आधी नजर चुकवत होता, मग नावं ऐकताना बघायला लागला. मी जागच्या जागी उभी. डबी छातीशी धरलेली. मला बाजूनं ह्यांचा एक गाल दिसत होता, आत गेलेला.

"स्टेला आर्त्वा. फ्रान्झिस्कानर..."

पुढची बाटली भिंतीच्या टोकाला, दाराकडे होती. तिच्याकडे हात करायला हे वळले आणि मी दिसले.

हात खाडकन तोंडावर गेला.

मला जे झालं ते मी सांगू शकत नाही, पण सांगते. ते सगळे परके लोक, तो कालचा मॅनेजर, तो कोटवाला, ते फिसकन हसणारं पोरगं, ह्या सगळ्यांना तोंड दाखवलं. भर दिव्यात दाखवलं. आणि मला बघून झाकलं! आपण कुठं आहोत, कोण बघतंय, काही सुचलं नाही.

"हात खाली घ्या!" मी ओरडले. "अहो, हात खाली घ्या आधी!"

मॅनेजर स्टुलावरून उतरला. हे माझ्याकडे बघत होते, हाताच्या वरून, नुसते डोळे. त्या डोळ्यांत जी विनवणी होती ती मला कळली नाही असं नाही. कळली. पण मी हटले नाही. "मी काय परकी आहे?"

मग हात हळूहळू खाली आला.

नाडी ओढलेल्या पिशवीच्या तोंडासारखं झालं होतं. वरचा ओठ आत गेलेला, भोवती बारीक चुण्या. म्हातारं दिसत होतं आणि लहान मुलाचंही दिसत होतं. बस, एवढंच होतं. ह्याच्यासाठी एवढे दिवस माझ्याकडे पाठ! मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम, आणि मी डबी घट्ट धरून मान हलवली, की म्हणा पुढं.

"डूवल," हे म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, बाटलीकडे नाही. "वायेनश्टेफानर."

कोटवाल्यानं मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर म्हणाला, "नावं बरोबर आहेत सर, सगळी." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "मामा, सोमवारपासून हॉलमध्ये. पण दात घालून यायचं हं." मी पुढं होऊन ह्यांच्या हातात डबी आदळली आणि बाहेर आले. बाहेर येऊन भिंतीला टेकून रडून घेतलं. गळ्यात मापाची फीत होती, तिनंच डोळे पुसले.

आता पुढचं ऐका, म्हणजे माझ्या रागाला धरबंध का नाही ते कळेल. सोमवारपासून हे हॉलमध्ये गेले, दात घालून. दात घातले की शिट्टी आणि टक्, ते अजून आहेच, जीभ रुळतेच आहे. आणि गिऱ्हाईकं? ती पहिल्या दिवशी ह्यांना बघून उठून उभी राहिली म्हणे. खांद्यावर हात टाकले. आणि एकानंही नाव घेतलं नाही! ती सगळी कार्डावर बोट ठेवतात नाहीतर भिंतीकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "मामा, ती द्या." जास्तीत जास्त, "एक बाबाजी." मॅनेजर ऐकून न ऐकल्यासारखं करतो. एवढी मरमर केली, न्हाणीघर डोक्यावर घेतलं, ती मोबाइलवरची बाई माझ्या स्वप्नात यायला लागली, ते कशासाठी? बोट दाखवून काम होतं तर! मी हे बोलले की हे कवळीसकट हसतात. हसायला ती चांगली बसते.

ह्यांचं परतणं उशिराचं, म्हणून आमचं एकत्र जेवण होतं ते सकाळचंच. त्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी भात मऊ केला होता. ताटं मांडली. हे आले, सवयीनं खुर्ची फिरवायला खुर्चीच्या पाठीला हात लावला, आणि थांबले. मी काही बोलले नाही. मी बोलले नाही असं क्वचित होतं.

खुर्ची तशीच राहिली. हे समोर बसले. कवळी काढली, डबीत ठेवली, झाकण लावलं, आणि वरच्या नुसत्या हिरडीनं सावकाश जेवायला लागले. एक शीत ओठाच्या कडेला चिकटलं होतं. मी जेवायचं सोडून बघतच होते.

"काय बघतेस?" हे म्हणाले. हात अर्धा वर आला होता.

"माझंच आहे ते तोंड, बघणारच," मी म्हटलं. "हात खाली."